गरीब तोंडाची गाठ

डॉ. सुलभा शिवलकर यांच्याबद्दल मी आजवर चारचौघांत चांगलं बोललो असेन, तर ते नाइलाजाने. सहा वर्षं त्या माझ्या शेजारच्या खुर्चीत बसत होत्या, आणि त्यातली निदान पाच वर्षं मी त्यांच्यावर जळत होतो. आता माझा दवाखाना बंद झाला आहे. ज्यांच्यासमोर आब राखायचा ती माणसंही फारशी उरली नाहीत. तेव्हा सरळच सांगतो.

ऐंशी सालच्या सुमाराला मी मुंबईहून एम.डी. होऊन रत्नागिरीत आलो आणि बाजारपेठेत दवाखाना थाटला. पाटीवर नाव, नावाखाली पदवी आणि पदवीखाली 'सुवर्णपदक विजेते'. गावात कातडीचा डॉक्टर म्हणजे मीच. खरूज, नायटे, इसब, कोड घेऊन माणसं थेट देवरूखपासून यायची. शिवाय मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मी एका धर्मादाय दवाखान्यात मोफत रुग्ण बघत असे. दोन वर्षांनी तिथल्या विश्वस्तांनी गर्दी वाढली म्हणून माझ्या जोडीला आणखी एक डॉक्टर नेमला. त्या शिवलकरबाई.

मी लगेच चौकशी केली. माझ्याहून चार वर्षांनी मागे. एम.डी. नाही, नुसता डिप्लोमा, तोही दुसऱ्या खेपेला. माहेर मिरकरवाड्याचं, वडील बोटीवर. नवरा बांधकाम खात्यात. एवढं कळल्यावर मला बरं वाटलं होतं.

बाई बुटक्या, सावळ्या, अंगाने भरलेल्या. बंदरावर लिलावाच्या गलक्यात वाढलेल्या माणसाचा असतो तसा खणखणीत आवाज. हसल्या की लाकडी खुर्ची वीतभर मागे सरकायची. पहिल्याच दिवशी त्यांनी शिपायाला सांगून दाराबाहेरच्या नळाखाली एक घमेलं ठेवलं आणि प्रत्येक रुग्णाला सांगायला सुरुवात केली, "आधी पाय धुवून या."

डोक्यात कोंडा झालेला माणूस पाय धुवून यायचा. मानेला गजकर्ण झालेली बाई पाय धुवून यायची. तांबड्या मातीने घमेल्यातलं पाणी तासाभरात विटकरी होई. कंपाउंडर माझ्याकडे बघून डोळे मिचकावायचा आणि मलाही ते आवडायचं.

एकदा मी म्हटलंच, "बाई, हे पाय धुणं जरा जास्तच होतंय."

"सर, आपल्याकडची माणसं अनवाणी चालतात," त्या म्हणाल्या. "तळव्याला काय झालंय ते त्यांना दिसत नाही, आणि आपण विचारत नाही. मग बघायचं कुणी?"

मला 'सर' म्हणत. त्यात टोमणा असता तर मी सुखी झालो असतो. तो कधीच नव्हता.

त्यांच्याकडे घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं एक भिंग होतं. गाठीवर खोबरेल तेलाचा थेंब सोडायचा, भिंग डोळ्याला लावायचं आणि नाक टेकेल इतकं वाकून बघायचं. तेलामुळे कातडीवरची चमक मरते आणि आतला रंग दिसतो, असं त्या सांगत. गाठ संशयाची वाटली की तिच्यावर बटर पेपर ठेवून पेन्सिलीने आकार गिरवायचा आणि तो तुकडा केसपेपरला टाचून ठेवायचा. महिन्याभराने रुग्ण आला की तोच कागद पुन्हा गाठीवर. पेन्सिलीच्या रेघेबाहेर गाठ गेली असेल तर बाईंचं हसणं बंद.

आमच्या धंद्यातली खरी अडचण बाहेरच्यांना ठाऊक नसते. पुस्तकातला कातडीचा कॅन्सर फुललेला, चिघळलेला, ओळखू येणारा असतो. दवाखान्यात येतो तो तीळ होऊन, चामखीळ होऊन, कुरूप होऊन. आणि येणारे बहुतेक तीळ, चामखिळी, कुरुपं खरोखरच साधी असतात. दिवसाला वीस साध्या गाठी बघितल्या की एकविसावी डोळे न उघडताच साधी वाटते. अशा वरून साध्या दिसणाऱ्या गाठीला बाईंचा एक शब्द होता, गरीब तोंडाची. "सर, ही फारच गरीब तोंडाची आहे. जरा थांबू या." आणि काढलेला तुकडा, कितीही क्षुल्लक असला तरी, त्या बादलीत टाकत नसत. औषधाच्या बाटलीत घालून, चिठ्ठी लावून, एस.टी.ने मुंबईला पॅथॉलॉजिस्टकडे पाठवत.

मला पहिला तडाखा बसला तो त्यांच्या पहिल्याच पावसाळ्यात. बोटीवरून निवृत्त झालेले एक म्हातारे खलाशी माझे रुग्ण होते. नाकाच्या बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढी चकचकीत पुटकुळी. मी तीन महिने मलम देत होतो. त्या मंगळवारी ते आले, तेव्हा बाई शेजारून म्हणाल्या, "सर, मी बघू?"

नाही कसं म्हणणार? त्यांनी तेल सोडलं, भिंग लावलं. मग त्या म्हाताऱ्यांशी न बोलता त्यांच्या बायकोला विचारलं, "दाढी करताना इथनं रक्त येतं काय ओ?"

"रोज," ती म्हणाली. "टॉवेल मीच धुतंय ना. यांना सांगितलं तर म्हणतात, वस्तरा लागला."

"रोज एकाच जागी कसा लागेल वस्तरा?"

हा प्रश्न मी तीन महिन्यांत विचारला नव्हता. रिपोर्ट आला, कॅन्सर. हळू वाढणारा, जिवावर न उठणारा, पण कॅन्सरच. लहानशा शस्त्रक्रियेने म्हातारे बरे झाले आणि पुढे दर दिवाळीला बाईंना भेटायला येत राहिले. माझ्या टेबलापुढून जात. नमस्कारही करत.

त्यानंतर मी मुंबईहून एक भिंग मागवलं. बाईंच्या भिंगापेक्षा चांगलं, जर्मन. बाई रजेवर असल्या की खिशातून काढून वापरायचो, त्या असल्या की आत ठेवायचो. एकदा घाईत ते गळ्यातच लटकत राहिलं. बाई खुशीत म्हणाल्या, "अरे वा सर, झकास आहे!" आणि हातात घेऊन, माझ्याच तळहातावर रोखून दहा मिनिटं बघत बसल्या. मला ते भिंग समुद्रात फेकून द्यावंसं वाटलं.

आणि एक दिवस घरी जेवताना बायको सहज म्हणाली, "शिवलकरबाईंना पाठीवरचा तीळ दाखवून आले. काही नाही म्हणाल्या."

माझा घास हातातच राहिला. "मी घरात असताना?"

"तुम्ही दोनदा सांगितलंत की काही नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही न बघताच काही नाही म्हणता. त्या बघतात, आणि मग म्हणतात."

दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. कारण मी तिला कधी सांगितलं नाही, आणि तिला ते न सांगताच कळलं असणार.

आता ज्याची लाज वाटते ते. देवरूखकडच्या एका डोंगराळ गावातून सोनू गुरव नावाचा शेतकरी माझ्या बाजारपेठेतल्या दवाखान्यात आला होता. टाचेला कुरूप. चालताना दुखायचं. मी ते जाळलं. चार महिन्यांनी ते परत आलं, मी पुन्हा जाळलं. दोन्ही वेळा निघालेला तुकडा बादलीत गेला. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा मी एका लग्नासाठी पुण्याला होतो, म्हणून तो धर्मादाय दवाखान्यात बाईंकडे गेला.

परत आल्यावर कंपाउंडरकडून कळलं की देवरूखच्या एका माणसाला टाचेचा कॅन्सर निघाला, मेलानोमा, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा, जो भराभर शरीरात पसरतो. बाईंनी स्वतः पत्र लिहून त्याला मुंबईला पाठवलं होतं.

बाई चहाला गेल्या होत्या. मी कपाटातून केसपेपर काढला. बटर पेपरवर कुरुपाचा आकार आणि त्याच्या एका कडेला पेन्सिलीने हलकी छाया केलेली. खाली अक्षर होतं, 'कडेला तपकिरी रंग, शाई पसरल्यासारखा.' मी तो पेपर वरपासून खालपर्यंत माझं नाव शोधत वाचला. पूर्वीचे उपचार या रकान्यात बाईंनी लिहिलं होतं, 'इतरत्र, दोन वेळा.'

इतरत्र. माझी सुटका झाली होती. पण मला सुटल्यासारखं वाटलं नाही, संताप आला. या बाईला माझ्यावर दया करण्याचा अधिकार कुणी दिला? बाई परत आल्या, मी कपाटापाशी उभा होतो, त्यांनी ते बघितलं, आणि म्हणाल्या, "सर, चहा अजून गरम आहे बाहेर."

सोनू गुरवची टाच गेली, जीव वाचला. बाईंनी त्याबद्दल माझ्याकडे कधी चकार शब्द काढला नाही. मी मात्र त्या दिवसापासून वाट बघायला लागलो. त्या कधीतरी चुकतील याची. माणूस आहे, चुकणारच. बाई बारीक बघत तेव्हा मी त्यांच्याकडे बारीक बघत असे.

दोन वर्षं वाट बघितली. मग एका सकाळी माझ्या खाजगी दवाखान्यात साठीच्या एक बाई आल्या, उजव्या हाताच्या अंगठ्याला फडकं बांधलेलं. सोबत मुलगा. बसण्याआधीच म्हणाल्या, "सुलूला सांगू नका हां मी आल्ये म्हणून."

"कोण सुलू?"

"आमची सुलू. शिवलकरीण. आमच्या शेजारचीच ती. आई बाजारात जायची तेवा माझ्याच मांडीवर असायची. तिला वाईट वाटेल."

त्यांना सगळा मिरकरवाडा काकी म्हणत असे. मासे साफ करताना शिंगाळ्याचा काटा अंगठ्याच्या नखाशी घुसला होता. नंतर तिथे लाल बोंडासारखी गाठ आली, हात लावला की रक्त. बाईंनी बघून सांगितलं होतं, काट्याच्या जखमेवर अशी रक्ताची गाठ येते, साधी असते. काकी सुरीला घाबरत, म्हणून कापलं नव्हतं. तीन महिने दर आठवड्याला घरी जाऊन बाई गाठ जाळणाऱ्या औषधाची काडी फिरवत होत्या. गाठ सुकायची, परत यायची.

मी फडकं सोडलं. लाल गाठ. कुणीही साधी म्हणावी अशी. मग मी जर्मन भिंग काढलं, खोबरेल तेलाचा थेंब सोडला, आणि बाई शिकाऊ डॉक्टरांना सांगत तसं गाठीकडे न बघता गाठीच्या आजूबाजूला बघितलं. नखाच्या मुळाशी कातडीवर फिकट तपकिरी पट्टा होता. शाई पसरल्यासारखा.

मुलाने समजावल्यावर काकींनी तुकडा काढू दिला, बाटली मुंबईला गेली. बारा दिवसांनी रिपोर्ट आला. मेलानोमा.

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. मला आनंद झाला. एका म्हाताऱ्या बाईला जीवघेणा रोग झाला होता, आणि मी रिपोर्ट दोनदा वाचला, घरी जाऊन इस्त्रीचा शर्ट घातला, आणि धर्मादाय दवाखान्याकडे निघालो. वाटेत मी वाक्य जुळवत होतो. 'बाई, असं कुणाचंही होऊ शकतं.' हे वाक्य मला फार आवडलं होतं. त्यात मोठेपणा होता.

बाई शेवटचा रुग्ण संपवून हात धूत होत्या. मी कागद पुढे केला. त्यांनी ओल्या हातानेच घेतला. नाव वाचलं, खालची ओळ वाचली. मग खुर्चीत बसल्या. खुर्ची सरकली नाही.

"काकीला सांगितलंत?"

"नाही अजून."

"मी सांगते. तुम्ही चला बरोबर."

माझं वाक्य तोंडातच राहिलं. आम्ही रिक्षाने मिरकरवाड्याला गेलो. वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, "मी काकीचा हात बघत होते, सर. अंगठा बघितलाच नाही. तेलसुद्धा सोडलं नाही मी."

काकी पडवीत जाळं शिवत होत्या, मुलगा समोर बसला होता. मला बघून त्या चपापल्या. बाई त्यांच्यासमोर जमिनीवरच बसल्या.

"काकी, तुझ्या अंगठ्याला कॅन्सर आहे. मी साधी गाठ म्हटलं. मी चुकले. तीन महिन्यांपूर्वी मला कळायला पायजे होतं. ते ह्या सरांना कळलं. आता मुंबईला जायचं, अंगठा काढायला लागेल. मी येत्ये तुझ्याबरोबर."

काकींनी अंगठा पदराखाली घेतला. मुलगा मात्र उठला. "तीन महिने! तीन महिने तू घरी येऊन काडी फिरवत होतीस! डॉक्टरीण ना तू? ह्यांच्याकडे पाठवता येत नव्हतं?"

"येत होतं," बाई म्हणाल्या. "मला ते सुचलं नाही."

"सुचलं नाही म्हणते! आई मेली तर?"

बाईंनी मान खाली घातली नाही की एक सबब सांगितली नाही. काकींना सुरीची भीती होती, हेसुद्धा सांगितलं नाही. तो ओरडत होता, आजूबाजूची दारं उघडत होती, बायका डोकावत होत्या. ज्या वाडीत त्या वाढल्या, तिथे त्या मान वर करून ऐकत बसल्या होत्या. मग मुलगा माझ्याकडे वळला, हात जोडले आणि म्हणाला, "डॉक्टर, तुमचे उपकार. तुमच्यासारखा माणूस चुकायचा नाय."

सोनू गुरवची टाच जाळणारा मी तिथे उभा होतो. बाईंना ते ठाऊक होतं. एका वाक्याचं काम होतं. 'मीही हीच चूक केली आहे, यांच्याआधी, आणि लपवली आहे.' बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, माझी अडचण होऊ नये म्हणून. मी त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "काळजी करू नका."

एवढंच.

बाई काकींबरोबर मुंबईला गेल्या, पंधरा दिवस राहिल्या. अंगठा गेला. वर्षभर काकी बऱ्या होत्या, मग काखेत गाठी आल्या. शेवटचे दोन महिने बाई रोज संध्याकाळी मिरकरवाड्यात जाऊन त्यांना पेज भरवत. मुलगा बाईंशी बोलत नसे, पण दार उघडायचा. काकी गेल्या तेव्हा त्याने पहिली हाक बाईंनाच मारली, असं मला कुणीतरी सांगितलं.

बाईंनी त्या अंगठ्याचं रेखाटन केलं आणि आमच्या खोलीत भिंतीवर लावलं. खाली लिहिलं, 'ही मी ओळखली नाही. सु. शिवलकर.' आरोग्यकेंद्रांतल्या परिचारिका शिकायला येत, त्यांना त्या आधी हेच दाखवत. "बघा, किती गरीब तोंडाची आहे. ओळखीच्या माणसाची गाठ परक्यासारखी बघायची. मी नाही बघितली." मुली वह्यांत लिहून घेत. सुवर्णपदक असूनही माझ्या तोंडचं कुणी कधी इतकं मन लावून लिहून घेतलं नव्हतं. मला तर चुकताही बाईंइतकं नीट येत नव्हतं, आणि त्याचासुद्धा मी हेवा केला.

काकी गेल्यावर महिन्याभराने एका रविवारी मी देवरूखची एस.टी. पकडली. तिथून दुसरी गाडी, मग दीड-दोन मैल चढण. सोनू गुरव अंगणात बांबू तासत होता, एका पायात जाड तळाचा बूट. मी नाव सांगितलं.

"वळाखलं," तो म्हणाला. "बसा."

मी बसलो नाही. म्हणालो, "तुमची टाच मी दोनदा जाळली. दोन्ही वेळा तुकडा तपासायला पाठवायला हवा होता, मी नाही पाठवला. तेव्हाच पाठवला असता तर कदाचित थोडक्यात भागलं असतं. चूक माझी होती."

त्याने कोयता बाजूला ठेवला. "म्हायती हाय मला. टाच माझी हाय ना. बाईंना मी इचारलं होतं तेवा. त्या म्हनाल्या, पयल्यांदा बघनाऱ्याला ते साधंच वाटतं."

"दुसऱ्यांदा वाटायला नको होतं."

"व्हय," तो म्हणाला. "ता खरा."

बस. माफ केलं म्हणाला नाही, रागावलाही नाही. आतून पाणी आलं, मी प्यायलो, रोग पसरून त्याच्या जांघेत गाठी आल्यात का ते तपासलं, काही नव्हतं, आणि उतरणीला लागलो. घरी बायकोने विचारलं तेव्हा सांगितलं, एका रुग्णाकडे गेलो होतो.

पुढच्या उन्हाळ्यात बाईंच्या नवऱ्याची नांदेडला बदली झाली. दवाखान्यात निरोपाचा छोटा समारंभ झाला. मी दोन वाक्यं बोललो, दोन्ही बरी होती. पण त्यांना सोनूचं सांगायचं राहिलं होतं. निघायच्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो तर सामान ट्रकमध्ये चढत होतं आणि बाई बंदरावर गेल्या होत्या. मी मागोमाग गेलो.

मिरकरवाड्याच्या धक्क्यावर लिलाव संपत आला होता. बर्फाच्या ढिगाऱ्याजवळ मी थांबलो. बाई दहा-बारा कोळणींच्या मधोमध उकिडव्या बसल्या होत्या, पदर कमरेला खोचलेला. कुणीतरी त्यांच्या पिशवीत बळेच सुके बोंबील कोंबत होतं, त्या "अगो, ट्रकमध्ये वास सुटेल, नवरा घटस्फोट देईल!" म्हणून ओरडत होत्या, आणि सगळ्या बायका हसत होत्या.

चार पावलं गेलो असतो तर झालं असतं. पण तिथे उभं राहून मला एक गोष्ट स्वच्छ कळली. मी सांगायला आलो होतो तो मन मोकळं करायला नाही. 'वा सर' ऐकायला आलो होतो. देवरूखच्या चढणीवर मी जे केलं होतं, तेवढं एकच माझ्या आयुष्यात कुणाच्या शाबासकीवाचून झालं होतं. ते मला खर्चायचं नव्हतं.

बाई उठल्या, पिशवी काखेला मारली आणि धक्क्याच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. एक मचवा नुकताच लागत होता. त्यावरच्या एका म्हाताऱ्या तांडेलाने हात उंच करून काहीतरी विचारलं. वाऱ्यात मला ऐकू आलं नाही. बाईंनी दोन्ही तळहात तोंडाभोवती धरून उत्तर दिलं, तेही मला कळलं नाही. तो हसला. त्याही हसल्या. मग त्यांनी दोर पकडायला हात पुढे केला, आणि मी वळून बाजारपेठेच्या रस्त्याला लागलो.